जावा ८ सोडायचंय? आधी जेडेप्स चालवा
हिंजवडी-खराडीतल्या जुन्या एंटरप्राइझ प्रकल्पांत २०१४ चं जावा ८ अजून भेटतं. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हा सवाल वेडगळ नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं. म्हणजे जावा गोठलं की फ्रेमवर्कही जुन्याच आवृत्तीवर अडकतं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवणं दिवसेंदिवस जड जातं.

कामाच्या व्यापाची भीती रास्त, पण तो व्याप आधी मोजता येतो. जेडीकेसोबतच येणारं जेडेप्स हे साधन 'जेडीके-इंटर्नल्स' पर्यायाने चालवा. जावाच्या आतल्या एपीआयवर कुठला कोड टेकलाय ते कळतं. स्प्रिंग बूट ३ साठी कोडमधल्या जावाएक्स पॅकेजनावांचं जकार्ता करण्याचं बरंचसं हमालीचं काम ओपनरीराइट हे साधन करतं (स्ट्रिंगमध्ये लिहिलेली क्लासची नावं मात्र स्वतः तपासा). जमलं तर थेट जावा २१ गाठा, व्हर्च्युअल थ्रेड मिळतात. फक्त सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये डेटाबेसची वाट पाहणारा कोड २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेडखालचा खरा थ्रेड अडवून ठेवतो. हे दुखणं जावा २४ मध्ये जवळजवळ गेलं.