पदाच्या डोक्यावरची चाल

संगीत नाटकाचे जुने पुस्तक उघडले की प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ दिसते. ‘चाल –’ आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. ते गाणे कधी लावणी असते, कधी ठुमरी, कधी कानडी पद, कधी बायकांच्या खेळातले गाणे. काही ठिकाणी नुसतेच ‘साकी’ किंवा ‘दिंडी’. वाचक ही ओळ ओलांडून थेट पदाकडे जातो. मीही अनेक वर्षे तसाच गेलो. मी संगीताचा पदवीधर नाही आणि मराठीचा प्राध्यापकही नाही. छापखान्यात मुद्रिते तपासता तपासता वृत्तांची गोडी लागली, माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ हाती आली आणि रद्दीच्या दुकानांतून नाटकांची पुस्तके घरी येऊ लागली. पण त्या बारीक ओळीपाशी मला थांबवले ते माझ्याच एका फजितीने.

गावच्या उत्सवात आम्ही हौशी मंडळी नाटक बसवत होतो. एका प्रवेशात संध्याकाळचे पद हवे होते. पेटीवाले काकांनी तीनतालातली एक चाल वाजवून दाखवली आणि म्हणाले, “यावर घाला शब्द.” लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, हे मला पाठ होते. तीनतालाच्या सोळा मात्रा होत्या. रात्रीतून मी ओळ जुळवली : ‘दाराशी संध्या आली रे’. आठही अक्षरे गुरू, बरोबर सोळा मात्रा. बोटांवर तीनदा मोजून पाहिले. हिशेब चोख होता.

दुसऱ्या दिवशी तालमीत नटाने ती ओळ गायली आणि विंगेतून कोणीतरी विचारले, “काय घ्या?” सगळे हसले. काकांनी पेटीवरचा हात उचलला. “अहो, चालीचा मुखडा खालीवरून उठतो. आठ मात्रा झाल्या की सम. तुमची सम पडते ‘ध्या’वर. ‘सं’ अलीकडे राहिला, ‘ध्या’ पलीकडे गेला. समेवर तुम्ही लोकांना काय देताय?” मग त्यांनी माझेच शब्द उलटसुलट केले : ‘संध्या आली दाराशी रे’. अक्षरे तीच, मात्रा तितक्याच. आता सम ‘दा’वर पडली, शब्द मोडला नाही आणि संध्याकाळ खरोखर दाराशी येऊन उभी राहिली.

शब्द चालीत बसवणे म्हणजे मात्रा मोजणे, अशी माझी समजूत त्या तालमीत संपली. मोजणी लागतेच, पण ती पहिली पायरी. तिच्या पुढे आणखी तीन हिशेब असतात आणि ते कागदावर दिसत नाहीत.

सम, वजन आणि आकार

पहिला हिशेब समेचा. तालाच्या आवर्तनात समेवर जे अक्षर येते ते ऐकणाऱ्याच्या मनात ठळक होते. तिथे शब्दाची सुरुवात असावी, आणि शब्दही अर्थाने वजनदार असावा. मराठीत याची एक खास अडचण आहे. आपले विभक्तिप्रत्यय बहुतेक दीर्घ : चा, ची, ला, ने, नी. मात्रांच्या हिशेबात ते दोन-दोन मात्रांचे भारदस्त गृहस्थ, अर्थाच्या हिशेबात मात्र नुसते पाठीराखे. पद लिहिणारा बेसावध असला की समेवर ‘ला’ येऊन बसतो आणि ज्याच्यासाठी वाक्य रचले तो शब्द अंधाऱ्या मात्रांत हरवतो.

दुसरा हिशेब वजनाचा. काकांनी दुरुस्त केलेली ओळ ठाय लयीत चांगली वाटे. लय वाढवली की ती जड होई, कारण आठही अक्षरे दोन-दोन मात्रा अडवून बसलेली. चालीत मात्रेमात्रेला नवा स्वर येत असेल, तर तिला लघू अक्षरे हवी असतात. म्हणून पुढे मी तीच गोष्ट अशी लिहून पाहिली : ‘सांज उतरली दारापाशी’. याही सोळाच मात्रा, सम याही ओळीत ‘दा’वरच. पण ‘ज उतर’ या चार लघूंमुळे ओळ पायऱ्या उतरल्यासारखी समेवर येते. पहिली ओळ वाईट आणि दुसरी चांगली, असे नाही. दोन्ही दोन वेगळ्या चालींच्या आहेत.

तिसरा हिशेब स्वराच्या आकाराचा. अंतऱ्याची ओळ बहुधा तार षड्जाकडे झेपावते आणि तिथे गाणारा थांबू पाहतो. थांबायला त्याला तोंड उघडे ठेवणारा स्वर हवा : आ, निदान ओ किंवा ए. ‘शीळ घालतो वारा रानी’ असे लिहिले तर वरच्या सुरावर ‘नी’ आवळून धरावी लागते. ‘शीळ घालतो रानी वारा’ म्हटले की गळा मोकळा होतो. पुन्हा तेच शब्द, फक्त जागा बदलली. मोठ्याने गाऊन पाहिल्याखेरीज हा फरक कळत नाही.

यात मराठी उच्चाराची एक गंमत मिसळते. बोलताना आपण ‘शीळ’ एका दमात, ‘ळ’चा पाय मोडून म्हणतो. पदात त्याच ‘ळ’ला पूर्ण मात्रा मिळते आणि बोलण्यात लोपलेला ‘अ’ गाण्यात परत येतो. ‘पुण्य’मधला ‘पु’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो. ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर आघात नाही, म्हणून तो लघूच राहतो. हे कानाने ठरते.

उपरणे आणि अंगरखा

मग आपल्या परंपरेत एकच अभंग दहा चालींत कसा गाता येतो? याचे उत्तर ‘छंदोरचने’त आहे. माधवरावांनी पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग केले. अक्षरगणवृत्तात लघू-गुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची बेरीज ठरलेली, आणि ओवी-अभंगांसारख्या छंदात फक्त अक्षरे मोजायची. मोठ्या अभंगाची अक्षरे सहा-सहा-सहा-चार. तिथे लघू-गुरू भेद उरत नाही, प्रत्येक अक्षर गाताना लांबवता येते. अभंग हे उपरणे आहे, कुणाच्याही खांद्यावर बसते. चालीवर लिहिलेले पद हा मापाने शिवलेला अंगरखा. ज्याचे माप घेतले त्यालाच तो नीट होतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे शिवणकाम रंगभूमीवर आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. ‘शाकुंतल’मधल्या पदांची संख्या दोनशेच्या घरात आहे. गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेबांच्या कानात कीर्तनातल्या साक्या-दिंड्या होत्या, लावण्या होत्या, कानडी चाली होत्या. साकीच्या चरणात २८ मात्रा आणि सोळाव्या मात्रेनंतर थांबा. दिंडीच्या चरणात १९ आणि नवव्यानंतर थांबा. कीर्तने ऐकून मुरलेल्या प्रेक्षकाला हे थांबे न शिकवता येत होते. म्हणून नव्या पदाचा सूर त्याला जुना वाटे आणि त्याचे लक्ष शब्दांवर राही. शिवाय शब्द दोन्हीकडून बांधलेले होते : एकीकडे कालिदासाचा अर्थ, दुसरीकडे ओळखीची चाल. त्या कचाट्यातून सोपे, बोलके मराठी काढणे ही अण्णासाहेबांची खरी करामत.

१९११च्या ‘मानापमान’पासून गणित बदलले. गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदे लिहिली. या चालींत पूरबकडच्या ठुमरीचे वळण होते. ब्रज बोलीला एक सवलत आहे : तिच्या पद्यात ए आणि ओ गरजेप्रमाणे ऱ्हस्वही धरता येतात. मराठीत ए-ओ कायमचे गुरू. ब्रजमध्ये लवचीक अक्षरांनी भरलेली जागा मराठीत ताठ अक्षरांनी भरायची, आणि ठुमरीतल्या एका भावाच्या जागी नाटकातला युक्तिवाद बसवायचा. खाडिलकरांच्या पदांतली शब्दरचना ओबडधोबड आहे, अन्वय लावताना दमछाक होते, अशी टीका नेहमी होते. कागदावर ती खोटी नाही. पण तीच पदे रंगमंचावर पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. अशी पदे मी जेव्हा चालीसकट तपासली, तेव्हा वाचताना खटकणारी उलटी शब्दरचना पुष्कळदा मोकळा आकार नेमक्या लांब सुरावर पोचवण्यासाठी केलेली दिसली. सगळीकडे नाही, काही जागी शब्द खरोखरच कोंबलेले आहेत. पण पदाचा निकाल वाचून लावायचा नसतो, एवढे मला पटले.

उलट दिशेचा रस्ताही आपल्याकडे तितकाच मोठा आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीत रामायण’ सुरू झाले. त्याच्या ५६ गीतांत शब्द गदिमांचे आधी आणि सुधीर फडक्यांची चाल नंतर. तिथे वरचे तिन्ही हिशेब संगीतकाराने सांभाळायचे असतात. शब्द आधी की चाल आधी, या वादात मला आता रस उरलेला नाही. जो मागून येतो त्याने पुढच्याचे ऐकायचे असते.

भरतीचा शब्द

राहिली ती पदाच्या डोक्यावरची ओळ. गायक मंडळींना तोंडी शिकवायचे, स्वरलिपी हाताशी नाही, अशा काळात ‘चाल – अमुक’ एवढे छापले की गावोगावच्या हौशी कंपन्यांना सूर कळे. पण मूळ गाणे जाणणारे असतील तोपर्यंतच.

माझ्याकडे एका संगीत नाटकाचे मुखपृष्ठ गेलेले पुस्तक आहे. त्यातल्या एका पदात ‘बाई’ हा शब्द विनाकारण आलेला. समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवले होते : ‘भरतीचा’. एकदा सहज आईला वरची चालीची ओळ वाचून दाखवली. आई तेव्हा ऐंशीच्या पुढची. “अगं बाई, हे तर झिम्म्याचं!” म्हणाली आणि समोर कोणी नसताना दोन्ही तळहात पुढे करून गाऊ लागली. मी पदाचे शब्द त्या सुरावर धरले. ‘बाई’ आली ती नेमकी टाळीवर. तो शब्द मात्रा भरायला नव्हता. सगळी ओळ त्याच्यावर टेकून वळत होती. माझ्या ‘दाराशी रे’मधल्या ‘रे’लाही मी उगाच हिणवत होतो, हे तेव्हा लक्षात आले.

दोन ओळी झाल्यावर आई थांबली. “पुढचं तुझ्या मावशीला यायचं,” म्हणाली. मावशी जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

त्या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या. पेन्सिलीचा ‘भरतीचा’ खोडून टाकला. पदाच्या उरलेल्या कडव्यांतल्या गुरूंच्या जागा पाहून पुढची चाल कुठे थांबत असेल याचा अंदाज करता येतो, कारण अंगरख्यावरून माणसाचे माप थोडेफार कळते. पण माणूस कळत नाही.

दिवाळीत घरोघरी वडीलधारी मंडळी एकत्र येतात. आपल्याकडे असे एखादे जुने नाटकाचे पुस्तक असेल, तर पद राहू द्या, डोक्यावरची बारीक ओळ त्यांना वाचून दाखवा. कोणी गुणगुणले तर मध्येच थांबवू नका. फोनवर ध्वनिमुद्रण करा, आणि गाणाऱ्याचे नाव, गाव, कोणाकडून ऐकले, हेही त्यातच बोलून ठेवा. चाल सापडली की पद कसे वाचायचे ते आपोआप कळते.