वऱ्हाडातली 'शीळ'

अकोल्यात आमच्या घरी चावीचा फोनो होता. सुया झिजतात, असे सांगून आजोबा तो कुलपात ठेवत. ते अमरावतीला गेले, की आत्या हळूच 'शीळ'ची तबकडी लावी.

'शीळ' ही ना. घ. देशपांडे यांची कविता. ते वऱ्हाडातल्याच मेहकरचे, पेशाने वकील. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गो. ना. जोशी यांच्या आवाजात एचएमव्हीने तिची ध्वनिमुद्रिका काढली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. नाट्यपदातल्या लांबलचक ताना तिच्यात मावणार कुठून? साहजिकच शब्द पुढे आले. मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळ जण इथूनच मानतात.

पण त्यात होते प्रेमात पडलेल्या मुलीचे मनोगत. ते घरात वाजावे, हे आजोबांना रुचत नसे; कुलपाचे खरे कारण तेच. एकदा ते लवकर परतले. आत्याचा चेहरा उतरला. आजोबांनी दारातच उभे राहून गाणे संपू दिले.

"मेहकरच्या वकिलाचंच ना हे?"

"हो, बाबा."

"बरं लिहिलंय."

त्यानंतर फोनोला कुलूप लागले नाही. सुई मात्र तेच बदलत.