कंबर आणि सुई

मराठी शिकवणाऱ्या माणसाची कंबरेशी ओळख फार जुनी. कंबर कसायची, कंबर बांधायची, आणि काळ फिरला म्हणजे ती मोडायची! एकवीस वर्षे मी हे वाक्प्रचार जालन्यातल्या मुलामुलींकडून वाक्यांत उपयोग करून घेत आले. पण कंबर खरोखरच दुखू लागली आणि "नेमके कसे दुखते?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा एम. ए. झालेल्या या बाईला "फार दुखते हो," यापलीकडे एक शब्द सुचला नाही.

या दुखण्याला तीन वर्षे झाली. सासूबाईंचे वय ब्याऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, आणि पुन्हा पलंगावर न्यावे लागते. दिवसातून सहा-सात वेळा ही उचलाउचल. मध्ये कॉलेजचे चार तास, तेही उभ्याने.

कंबरदुखीवर औषध नाही असे घर आमच्या गल्लीत नाही. शेजारच्या काकूंनी खडेमीठ तव्यावर भाजून शेकायला सांगितले. एका प्राध्यापकांनी पट्टा दिला. तो बांधून वर्गात गेले तर मागच्या बाकावर खसखस पिकली. समर्थांचे जांब आमच्याच जिल्ह्यातले, तेव्हा सूर्यनमस्कारांचा उपदेश करणारेही भेटलेच. शेवटी छत्रपती संभाजीनगरला जाऊन एम. आर. आय. काढला. दोन चकत्या झिजलेल्या, एक फुगलेली! अहवाल वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "कण्यात इंजेक्शन देऊ. अर्ध्या तासाचे काम, संध्याकाळी घरी."

मी दिवाळीच्या आधीची तारीख धरली आणि पैसे एका पाकिटात घालून कपाटात ठेवले. पण शिकवण्याचा धंदा वाईट. वाचल्याशिवाय राहवत नाही.

वाचले ते असे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि काथलँ या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाजवळच्या छिद्रातून कण्याभोवतीच्या पोकळीत कोकेन सोडून पाहिले. पुढे कॉर्टिझोनच्या कामगिरीला १९५० चे नोबेल मिळाले आणि त्या दशकात बधिर करणाऱ्या औषधाच्या जोडीला स्टेरॉइड आले. आज रुग्णाला पालथे निजवतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर सुईची वाट बघत बघत ती योग्य जागी नेतात आणि औषध सोडतात. स्टेरॉइड नसेभोवतीची सूज उतरवते. झिजलेली चकती काही ते भरून काढत नाही.

आणि या झिजेचे तरी काय? २०१५ साली एका अमेरिकी नियतकालिकात, पाठ मुळीच न दुखणाऱ्या हजारो लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा आला. चाळिशीतल्या शंभरांपैकी अडुसष्टांच्या चकत्या झिजलेल्या, पन्नासांच्या फुगलेल्या! म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये दर दोघांत एकाची चकती फुगलेली असणार, आणि ते बिचारे खुशाल चहा पीत बसले आहेत. या एका आकड्याने माझी निम्मी भीती गेली.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. यजमान बरोबर होते. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून विचारले, "बाई, कंबर दुखते की पाय?"

"कंबर. कधी मांडीपर्यंत येते, गुडघ्याखाली नाही."

"मग थांबा," ते म्हणाले. चकतीने नस दाबली म्हणजे पायात विजेसारखी कळ जाते. आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड. रुग्णाची चालच तशी होते. (हा शब्द मात्र मला ठाऊक होता, याचे जरा समाधान वाटले.) अशा तीव्र कळेत सुईचा विचार होऊ शकतो, तरी २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात तिथेही फायदा थोडा आणि थोड्याच काळाचा दिसला. नुसत्या कंबरदुखीसाठी इंजेक्शने देऊ नयेत, असे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्येच सांगितले. २०२५ मध्ये 'बीएमजे'तील तज्ज्ञमंडळाने जुनाट पाठदुखीत, मग कळ पायात जात असली तरी, ही इंजेक्शने नकोत असा सल्ला दिला. वेदनाचिकित्सकांच्या काही संघटनांना तो मान्य नाही. शिवाय माझी साखर काठावर, आणि स्टेरॉइडने ती काही दिवस चढते. गंभीर अपाय क्वचित होतात, पण होतात. अमेरिकेत २०१२ साली अशा औषधात बुरशी शिरून साठांहून अधिक माणसे दगावली होती.

"पाऊल लुळे पडले, लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र सकाळची वाट पाहू नका," असे बजावून त्यांनी चष्मा काढला. "आता सांगा, घरात उचलणारे दुसरे कोणी नाही?"

आमचे यजमान भिंतीवरचे कॅलेंडर फार लक्षपूर्वक पाहू लागले.

तीन वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. खरे सांगायचे तर मीदेखील नाही. बाई ठेवावी तर सासूबाईंना परका हात चालत नाही, एवढ्यावर विषय मिटायचा. इंजेक्शन घ्यायचे ते तरी कशासाठी? पुन्हा उचलता यावे म्हणूनच ना! गाडीत मी हे बोलून दाखवले. जालना येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी कंबर गेली तर मला पाणी कोण देईल? त्याला शिकव की. माझाच मुलगा आहे तो."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी यजमानांना गुडघ्यांत वाकून, आईला छातीशी धरून उठवायला शिकवले. मला पाठीचे चार व्यायाम आणि रोजचे चालणे. पुढे वाकायचे तूर्त बंद, त्यामुळे सूर्यनमस्कारही राहिले. सकाळच्या तीन खेपा आता यजमानांच्या. दुपारी दोन तासांसाठी एक बाई येतात. पहिले आठ दिवस सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आता माहेरच्या गोष्टी सांगतात.

कंबर दुखते, नाही असे नाही. परवा फराळाचे करताना चकलीच्या सोऱ्यापुढे बसवेना. उरलेल्या चकल्या यजमानांनी पाडल्या, वाकड्यातिकड्या. रोज सकाळी मी मोतीबागेकडे चालायला जाते. चार महिन्यांपूर्वी वाटेत दोनदा बसावे लागे, आता एकदा. मुलाचे हात फार राकट आहेत, अशी तक्रार सासूबाई रोज करतात आणि त्याच्याच हाताने उठतात. पैशांचे पाकीट अजून कपाटात, एम. आर. आय.च्या अहवालाशेजारीच आहे.