शब्दकोश उघडा, पण पहिल्याच अर्थावर थांबू नका

बाबासाहेबांचे मूळ इंग्रजी ग्रंथ वाचणारी सोलापुरातील मुले-मुली आता मोबाईलवर ऑनलाइन शब्दकोश उघडतात. ही चांगली गोष्ट आहे. पण वस्तीत काम करताना आम्हाला एक सवय वारंवार दिसते: शब्द टाकायचा, पहिला अर्थ घ्यायचा आणि पुढे जायचे.

'डिप्रेस्ड' या शब्दाचा पहिला अर्थ सहसा 'उदास' असा येतो. तोच धरला तर 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे दुःखी माणसे ठरतात आणि त्यांना दडपणारी व्यवस्था नजरेआड होते. 'शेड्यूल्ड'चा पहिला अर्थ 'वेळापत्रकानुसार ठरलेले'. 'शेड्यूल्ड कास्ट'मध्ये मात्र शेड्यूल म्हणजे अनुसूची.

इथे वर्डनेट उपयोगी पडते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ मध्ये जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू झाले. त्यात एका शब्दाचे वेगवेगळे अर्थ सुटे मांडलेले असतात आणि प्रत्येक अर्थाचे समानार्थी शब्द एका गटात असतात. मराठीचे वर्डनेट मुंबईच्या आयआयटीत तयार झाले आहे.

कायद्याच्या बाबतीत मात्र कोणताही शब्दकोश पुरत नाही. 'अ‍ॅट्रॉसिटी'चा कोशातला अर्थ 'अमानुष क्रूरता'. तेवढेच वाचून "मारहाण झाली नाही, मग तक्रार कशी करायची?" असे म्हणत पीडित गप्प बसतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम ३ मध्ये सांगितलेला प्रत्येक गुन्हा म्हणजे अत्याचार. बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने लोकांसमक्ष केलेली जातिवाचक शिवीगाळही त्यात येते.

धम्माचेही तसेच. मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालीत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अनुभूती. म्हणून पाली शब्द पाली कोशातच पाहावा. स्वतः बाबासाहेबांनी पाली कोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले.

आमचे सांगणे एवढेच:

१. आधी पूर्ण वाक्य वाचा, मग शब्द शोधा.
२. सगळे अर्थ आणि उदाहरणे पाहून वाक्यात बसणारा अर्थ निवडा.
३. उच्चार ऐका.
४. कायद्यातील शब्दासाठी त्या कायद्याचे व्याख्या-कलम उघडा.
५. सापडलेला अर्थ वहीत लिहा आणि अभ्यासिकेत चर्चेला ठेवा.

बाबासाहेबांनी प्रत्येक शब्द तोलून वापरला. आपणही तो तोलूनच वाचला पाहिजे.

जय भीम!