ऑफिसातला ताण ऑफिसातच का राहत नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांमधली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर, तर कारखान्यांमधली ९ वरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्याआधी आठवड्याला ७० तास काम करावं की ९०, यावरून उद्योगपतींची विधानं सोशल मीडियावर गाजली होती.

अशा वादात दोनच बाजू दिसतात. मालकाला जास्त काम हवं असतं, कर्मचाऱ्याला जास्त मोकळा वेळ. पण तिसरी बाजूही आहे. कर्मचाऱ्याचं घर, त्याची वस्ती, गावातला दवाखाना. कामाच्या ठिकाणी माणसाचं जे होतं, त्याचे परिणाम इथपर्यंत पोहोचतात. कसे, ते समजून घेऊ.

जास्त तास काम केल्याने काय होतं?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात आढळलं. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा दीर्घ कामामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा अंदाज त्यात मांडला आहे.

यातले बहुतेक मृत्यू ६० ते ७९ या वयातले होते. म्हणजे जास्तीचं काम झालं आधी आणि त्याचा फटका बसला नंतर, अनेकदा निवृत्तीच्या वयात. तोवर कंपनीचा संबंध संपलेला असतो. औषधपाणी, धावपळ, शुश्रूषा हे सगळं घरच्यांवर आणि सरकारी आरोग्य यंत्रणेवर येऊन पडतं.

प्रश्न फक्त तासांचा आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. या सगळ्यांची नोकरी पक्की होती, सरकारी आरोग्यसेवा सर्वांना सारखीच होती. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं धरूनही या फरकाचा थोडाच भाग उलगडत होता.

१९८५ मध्ये डॉ. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांवर दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. आपलं काम कसं आणि कधी करायचं, हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. साहेबाच्या टेबलावर कामाचा ढीग असतो, पण त्यातलं आधी काय उचलायचं हे तो ठरवतो. हाताखालच्या माणसाला ती सोय नसते.

मग काम नसलेलंच बरं?

तसंही नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची गिरणी वस्ती होती. जागतिक मंदीच्या सुरुवातीला तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला.

लोकांकडे आता वेळच वेळ होता. तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या १९२९ ते १९३१ या काळात जवळपास निम्म्यावर आली. संघटनांमधला सहभागही घटला. संशोधकांनी घड्याळ लावून लोकांचं चालणं पाहिलं, तर पुरुष रेंगाळत, जागोजागी थांबत चालले होते. काम गेलं तेव्हा पगाराबरोबर दिवसाची घडी आणि चार लोकांत मिसळण्याचं कारणही गेलं होतं.

बायका मात्र झपाझप चालत होत्या. त्यांचं घरकाम कुठे बंद पडलं होतं?

घरातला भार ऑफिसात कसा येतो?

हा रस्ता दुतर्फा आहे. भारताच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिलांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. पुरुषांचे ८८. कामाचा एक तास वाढला आणि लोकलचा दोन-तीन तासांचा प्रवास धरला, तर घरी कमी पडणारा वेळ कोण भरून काढणार, हे या आकड्यांवरून कळतं. तोच थकवा घेऊन ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते. नाहीतर नोकरी सोडते.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का?

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर दुखापत झाल्यास बरं होईपर्यंत पगार. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं.

पुढे गिरणगावात भजनी मंडळं, व्यायामशाळा, कामगारांची नाटकं उभी राहिली ती पाळी संपल्यानंतर उरलेल्या वेळातच. त्या वेळेची किंमत कोणत्याच गिरणीच्या हिशेबात नव्हती.

आजच्या निर्णयात कारखान्यांतल्या जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेण्याची अट आहे. त्या कागदावर सही एकट्या कामगाराची असते. त्याच्या येण्याची वाट पाहणारं मूल, आजारी आई आणि वीस वर्षांनी त्याच्यावर उपचार करणारं सरकारी रुग्णालय, यांना मात्र कुणी विचारलेलं नसतं.