‘सगळे पैसे संस्थेलाच जातात’?

“ऑफिसची टीम किलिमांजारो चढतेय. सगळे पैसे मुलांच्या शिक्षणाला जाणार!” ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींचा असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, खाली देणगीची लिंक. टांझानियातला ५,८९५ मीटरचा डोंगर, पायथ्याच्या शाळेत दोन दिवस काम आणि निधी. हेतू चांगलाच आहे. पण ‘सगळे पैसे’ हे दोन शब्द न तपासता पुढे पाठवले जातात, याचा राग येतो.

अशा मोहिमेला जायचे दोन मार्ग असतात. एकात विमान, परवाने, वाटाडे हा खर्च जाणारा स्वतःच्या खिशातून करतो. तिथे ‘सगळे पैसे’ म्हणणं रास्त आहे. दुसऱ्यात थोडी नोंदणी फी भरायची आणि ठरलेली किमान रक्कम जमवायची. सहल कंपनीचं बिल त्याच रकमेतून जातं. समजा ४,००० पौंड जमले आणि सहलीला २,००० लागले, तर तुमच्या १०० पौंडांतले ५० कुणाच्या तरी गिर्यारोहणावर खर्च झाले. हे बेकायदा नाही. मात्र ब्रिटनच्या निधिसंकलन संहितेनुसार ते देणगीदाराला सांगावंच लागतं. तिथलं कर खातंही हा फरक करतं. गिफ्ट एड योजनेत सरकार देणगीच्या दर पौंडामागे संस्थेला २५ पेन्स देतं. पण सहलीचा खर्च देणग्यांतून निघत असेल, तर जाणाऱ्याच्या आईवडिलांच्या, भावंडांच्या किंवा जोडीदाराच्या देणगीवर ते मिळत नाहीत. म्हणून लिंक उघडण्याआधी सरळ विचारा: तुझ्या तिकिटाचे पैसे कोण भरतंय?

अशा मोहिमांबद्दलची आणखीही काही वाक्यं न तपासता फिरतात. “रोज पळणाऱ्याला उंची बाधत नाही.” बाधते. विरळ हवेचा त्रास दमसासापेक्षा चढण्याच्या वेगावर अवलंबून असतो. जास्त दिवसांचा मार्ग घ्या.

“अनाथाश्रमात दोन दिवस मुलांशी खेळलो, तेवढीच सेवा.” कृपा करून नको! अशाच पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप हयात असलेली मुलं नेपाळ आणि कंबोडियात आश्रमांत आणून ठेवली गेली आहेत.

“भारतातली कंपनी मोहिमेचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात दाखवेल.” नाही. खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडला, तर परदेशातलं काम त्यात धरत नाहीत.

“सहल स्वस्तात उरकली की संस्थेला जास्त उरतं.” ती काटकसर बहुधा सामान वाहणाऱ्या पोर्टरच्या मजुरीत आणि जेवणात होते. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. बुकिंगआधी ती बघा.