हुमणीचा वैरी, मजुराचा सोबती

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण मुंबई-पुण्याला गिरणी, रेल्वे, नगरपालिका अशा ठिकाणी पोटापाण्याला आले असले तरी मागे गावी कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाची वहिनी आजही रानात राबते आहे. त्या घरांसाठी हे चार शब्द.

ऊस-भुईमुगाच्या पट्ट्यातल्या माणसाला हुमणी काय ते सांगावे लागत नाही. काही भागात हिलाच उन्नी म्हणतात. पांढरी, जाडजूड, अर्धगोल वळलेली अळी. जमिनीखाली मुळ्या कुरतडते, वर ऊस पिवळा पडतो आणि धरून ओढला की ठोंब सहज हातात येते. सांगली जिल्ह्यात आमच्या थोरल्या बंधूंचा पाऊण एकर ऊस आहे. बाकी पोट वहिनींच्या रोजगारावर.

पूर्वी हुमणीवर उपाय एकच, थिमेट! म्हणजे फोरेट नावाचे दाणेदार विष. ते सरीतून हाताने टाकायचे. मालक बांधावर, आणि सरीत कोण? आमच्या आया-बहिणी. हाताला फार तर खताच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला. लहानपणी आम्ही आमच्या आईला रानातून येऊन अंगणात उलट्या करताना पाहिले आहे. घरचे म्हणत, ऊन लागले. ते ऊन नव्हते, हे आम्हांला बी.कॉम. होऊन नोकरीला लागल्यावर कळले. फोरेटचा वापर आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाला. पण एक विष गेले म्हणून सगळी गेली नाहीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत दुसऱ्याच्या रानात पंप पाठीवर घेणारे मजूर किती होते, हे विसरून चालणार नाही.

मग विषाशिवाय हुमणी मरते का? मरते. तिलाही आजार होतात आणि ते आजार मुद्दाम रानात सोडता येतात.

पहिला आजार बुरशीचा. 1879 साली ओडेसा शहरात मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाला गव्हाची नासाडी करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर एक हिरवी बुरशी सापडली. (पुढे 1908 साली त्यांना दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळाले.) तीच मेटारायझियम. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत शिरतात आणि अळीला आतून खाऊन टाकतात. मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी दिसते. या कामाला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. थिमेटची सवय लागलेल्या माणसाला एवढा धीर निघत नाही, ही खरी अडचण.

दुसरा वैरी सूत्रकृमी. सूत्रकृमी म्हटले की टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारा आठवतो, तो निराळा. हा पिकाला हात लावत नाही, किडीच्याच मागे लागतो. त्याची एक जात तमिळनाडूत कोइमतूरला सापडली आणि 1992 साली तिला भारताच्या नावावरूनच हेटरोऱ्हॅब्डिटिस इंडिका असे नाव मिळाले. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ओल्या मातीतून अळीला शोधत जातो आणि तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रातून आत शिरतो. त्याच्या पोटात एक जिवाणू असतो, तो हा आत सोडतो. अळी बहुधा दोन-चार दिवसांत मरते आणि विटकरी लाल होते. काळोखात डोळे सरावले तर मेलेली अळी मंद चमकतेसुद्धा! तिच्यातच यांची पिलावळ वाढते आणि दोनेक आठवड्यांनी हजारोंच्या संख्येने बाहेर पडून दुसऱ्या अळीकडे निघते.

आता आमची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही तालुक्याच्या एका दुकानातून मेटारायझियमच्या पिशव्या घेतल्या. त्या खिडकीपाशी उन्हात पडलेल्या होत्या, पण आम्ही कारकून माणूस, मुदतीची तारीख तेवढी पाहिली! गावी नेऊन पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या. पाऊस लांबला. शेवटी कोरड्या रानात भर दुपारी टाकून मोकळे झालो. हुमणी जशीच्या तशी. दादा म्हणाले, "तुझी बुरशी सुट्टीवर गेलीय."

चूक बुरशीची नव्हती. हे औषध जिवंत आहे. ऊन लागले, तापले, माती कोरडी असली की ते मरते. दुसऱ्या वर्षी माल कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून ताजा आणला, सावलीत ठेवला. मेटारायझियमची शिफारस हेक्टरी 20 किलोची, म्हणजे पाऊण एकराला साधारण सहा किलो. ते चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात कालवून, पाऊस झाल्यावर, संध्याकाळी मुळाजवळ टाकून मातीआड केले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, औषध म्हणता आन् शेणात कालवता व्हय?" नंतर खुरपताना हिरवी पडलेली पहिली अळी त्यांनाच सापडली. हुमणी नाहीशी झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण ऊस उभा राहिला.

वेळ मात्र चुकवू नये. जून-जुलैत अळ्या लहान असतात तेव्हाच हे टाकावे. भाद्रपदात त्या माजल्या की बुरशीला जड जातात. बुरशीबरोबर बुरशीनाशक औषध मिसळू नये, नाहीतर आपल्याच सैन्यावर गोळीबार. सूत्रकृमी पाण्यातून द्यायचे तर पंपाची बारीक जाळी काढावी आणि त्या अगोदर रान भिजलेले असावे. हे विष नाही, तरी बुरशीची भुकटी नाकात जाऊ देऊ नये, फडके बांधावे. दम्याच्या माणसाने कालवायला बसूच नये.

आणि एकट्याने भागत नाही. भुंगेरा कोणाचा बांध ओळखत नाही. वळवाचा पाऊस पडला की दिवस मावळल्यावर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. एक मादी 50 ते 60 अंडी घालते. गेली दोन वर्षे वस्तीतली पोरे त्या दिवसांत कंदील आणि रॉकेल-पाण्याची घमेली घेऊन झाडे हलवतात. मोठे बागायतदार आधी हसले. यंदा त्यांच्यातल्या एकाने आपल्या बांधावरच्या बाभळीसाठी पोरांना बोलावणे धाडले, तेव्हा वहिनींनी त्याला मजुरी आधी विचारून घेतली.

विषाच्या कामाला चार पैसे जास्त मिळत, ते या कामात मिळत नाहीत, हे त्या स्पष्ट सांगतात. तरी त्यांना हेच बरे वाटते. संध्याकाळी घरी आल्या की नातवाला लगेच कडेवर घेता येते.